ज्याचा फॉर्म भरला नव्हता

धाकट्या भावाचा फोन सहसा रात्री दहानंतर येतो, गॅरेजचं शटर ओढल्यावर. २०२४ च्या नोव्हेंबरात एकदा तो भर दुपारी आला. मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. तो म्हणाला, "भाई, कल स्कूल में आना तुम. मेरेको बोलने को नहीं आता."

मला वाटलं, पोरानं काही उद्योग केला असेल. पण तसं नव्हतं. पोरगा पाचवीत, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत. वर्गातल्या काही मुलांची नावं शिष्यवृत्ती परीक्षेसाठी काढली होती आणि त्यात याचं नाव नव्हतं. पोरानं घरी येऊन एवढंच सांगितलं होतं की, "मेरा फॉर्म नहीं भरा." मग जेवून गल्लीत खेळायला गेला. भावाला मात्र झोप लागली नव्हती.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरंच झालं. एक परीक्षा टळली. मी आजवर मुलांच्या परीक्षांच्या विरोधात बरंच बोललोय आणि लिहिलंयही. दहा वर्षांच्या मुलाला गोल काळे करायला बसवून त्याची बुद्धी मोजायची, हे मला कधी पटलेलं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात २०१५ साली तिसरी ते आठवीच्या मुलांपैकी जवळपास पाचातल्या एकाच्या पालकांनी सांगितलं, आमचं मूल राज्याच्या चाचणीला बसणार नाही. इंग्लंडमध्ये पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, काही पालकांनी अशाच परीक्षांविरोधात मुलांना एक दिवस शाळेतच पाठवलं नाही. या बातम्या वाचताना मला त्या पालकांचं कौतुक वाटलं होतं. आपल्याकडे कधी कुणी असं म्हणेल, असं वाटायचं.

आणि इथे माझा सख्खा भाऊ मला बोलावत होता, मुलाला परीक्षेला बसवा म्हणून शाळेत जाऊन विनंती करायला.

ज्यांच्या घरात या वयाचं मूल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आमच्या वेळी ती चौथीला आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला झाली. दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के पडले तर मूल 'पात्र'. पात्र झालं म्हणजे पैसे मिळतात असंही नाही. ते गुणवत्ता यादीत आलेल्यांना. पाचवीची रक्कम २०२३ मध्ये वाढवून वर्षाला ५ हजार केली, ती तीन वर्षं मिळते. पाचवीची जितकी मुलं बसतात त्यातलं साधारण चारातलं एक पात्र ठरतं.

ही परीक्षा सक्तीची नाही, हे महत्त्वाचं. बसायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं, असं कागदावर आहे. पण फॉर्म शाळेमार्फत भरतात. त्यामुळे खरं ठरतं ते वर्गात, बाई किंवा सर हजेरीपट हातात घेऊन कुणाच्या नावावर थांबतात त्यावरून.

दुसऱ्या दिवशी मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसमधून दोन तासांची सुट्टी काढली. भाऊ द्वारकेवरून स्कूटरवर मला घ्यायला आला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं. शाळेच्या फाटकाशी त्यानं हात खिशात घातले आणि मग सगळा वेळ ते बाहेर काढले नाहीत.

मुख्याध्यापिका बाईंबद्दल मला तक्रार करायची नाही. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. विधानसभेची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि शाळेतले अर्धे शिक्षक त्या कामातून नुकते मोकळे झाले होते. बाई म्हणाल्या, "मागच्या वर्षी अकरा मुलं बसवली. एक पात्र झालं. बैठकीत मला उभं करून विचारलं, बाकीच्या दहांचं काय? आता तुम्हीच सांगा." मग टेबलावरचा गठ्ठा दाखवला. पॅटच्या उत्तरपत्रिका. पॅट म्हणजे राज्यभर एकाच वेळी होणाऱ्या चाचण्या, वर्षातून तीन वेळा. भाषा, गणित आणि इंग्रजी. त्या तपासायच्या, गुण ऑनलाइन भरायचे, पुन्हा शिकवायचं. "त्यात जादा तास कोण घेणार? जी मुलं करू शकतील त्यांच्यावरच मेहनत करायची, असं आम्ही ठरवलं. आणि तुमच्या मुलाचं मराठी वाचन अजून अडखळत होतं. उगाच नापास होईल, त्याचं मन मोडेल."

यातलं काय चूक होतं? मुलांच्या अपयशाचा जाब बाईंना द्यावा लागत होता, म्हणून त्या अपयशाची शक्यता आधीच गाळून टाकत होत्या. त्यांच्या जागी मी असतो तरी कदाचित हेच केलं असतं. मी मान डोलावत होतो. माझ्या तोंडून "बरोबर आहे मॅडम" निघालंही होतं.

तेवढ्यात भाऊ बोलला. मराठीत बोलला. आमच्या घरात दखनी बोलतात. भावाचं मराठी गॅरेजवर गिऱ्हाइकांशी बोलून तयार झालेलं आहे, आणि म्हणूनच त्यानं पोराला मराठी शाळेत घातलं. तो म्हणाला, "मॅडम, मन तर नाव नाही घेतलं तेव्हाच मोडलं. नापास झाला तर मी समजावीन. पण बसलाच नाही, हे मी कसं समजावू?"

बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रोज साडेनऊला जादा तासाला आणाल? एकही दिवस चुकवायचा नाही."

भाऊ म्हणाला, "आणतो."

बाहेर आल्यावर त्यानं मला ऑफिसला सोडलं. वाटेत दोघंही गप्प होतो. त्याचं मला माहीत नाही. मी १९९३ सालाचा विचार करत होतो.

आम्ही जुन्या नाशकात वाढलो, चौक मंडईच्या मागच्या गल्लीत. अब्बांचं पत्र्याच्या पेट्या आणि डब्यांचं छोटं दुकान होतं. मी चौथीत असताना, १९९१ मध्ये, गुरुजींनी वर्गातल्या सहा मुलांची नावं काढली. त्यात माझं होतं. सकाळी शाळा भरायच्या आधी तास असायचा. गुरुजी फुकट घ्यायचे. गाईड एकच, सहा जणांत फिरायचं. मला शिष्यवृत्ती मिळाली. रक्कम इतकी किरकोळ होती की आज हसू येईल, पण शाळेच्या फळ्यावर माझं नाव लिहिलं गेलं. अब्बांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं. मोहल्ल्यात मी 'स्कॉलर' झालो. घरात मला दुकानावर बसायला कुणी सांगेना. तिथून पुढे हायस्कूल, कॉलेज, बी.कॉम., सगळं त्या एका फळ्यानं सोपं केलं. मी काही फार हुशार होतो असं नाही. घरच्यांनी ठरवलं होतं की हा हुशार आहे, आणि मग तशी जागा करून दिली.

दोन वर्षांनी भाऊ चौथीत आला. मी त्याच शाळेत सहावीत. एके दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजींनी मला हाक मारली. हातात वही होती, नावं लिहीत होते. म्हणाले, "तुझा धाकटा चौथीत आहे ना? कसा आहे रे? तुझ्यासारखा आहे का?"

मी म्हणालो, "नाही गुरुजी."

एवढंच. त्यात दुष्टपणा नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं. तो सायकलची चेन काढून बसायचा, पुस्तक उघडायचा नाही. कदाचित 'तुझ्यासारखा' हा शब्द मला गोड लागला असेल. गुरुजींनी मान हलवली आणि पुढचं नाव लिहिलं. भावाचा फॉर्म भरला गेला नाही. त्यासाठी शाळेत कुणी गेलं नाही. जायचं असतं हेच अम्मी-अब्बांना माहीत नव्हतं. सातवीनंतर भाऊ गॅरेजवर लागला. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, तीन पोरं हाताखाली आहेत, माझ्यापेक्षा जास्त कमावतो. म्हणून लोक म्हणतील, बिघडलं काय? मी पण इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आलो होतो.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला तेव्हा मी तो अधाशासारखा वाचला होता. ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी चारातलं एक मूल एकतर शाळेत गेलंच नाही किंवा मधेच गळालं, असं त्यात होतं. मी तो आकडा मित्रांना ऐकवायचो. सरकारला, समाजाला, जमातीतल्या पुढाऱ्यांना दोष द्यायचो. शाळेच्या व्हरांड्यात मी एका मुलाबद्दल 'नाही गुरुजी' म्हटलं होतं, ते त्या हिशेबात कधी धरलं नाही.

त्या अहवालानंतर, २००८ पासून, अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती सुरू झाली होती. पहिली ते दहावी. लहान वर्गांना वर्षाला हजार रुपये. आदल्या वर्षी ५० टक्के गुण हवेत आणि उत्पन्नाचा दाखला हवा. भावाची बायको थोरल्या मुलीसाठी दरवर्षी ते कागद गोळा करायची. दाखला, आधार, बँकेचं पुस्तक, सायबर कॅफेची रांग. हजार रुपयांसाठी तीन-चार दिवस जायचे, पण ती जायची. ते पैसे मुलीच्या नावावर यायचे याचं तिला अप्रूप होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ती योजना नववी-दहावीपुरतीच ठेवली. पहिली ते आठवीच्या मुलांना शिक्षण हक्क कायद्यानं मोफत शिक्षण मिळतंच, असं कारण दिलं गेलं. वही, दप्तर, रिक्षा हे शिक्षणात मोजत नसावेत. भावाच्या घरापुरतं बोलायचं तर शाळकरी पोराच्या नावानं पैसे येऊ शकतील अशी एकच गोष्ट उरली होती, ही परीक्षा. मी तिला 'बुद्धी मोजायचं खूळ' म्हणत होतो. माझ्या वहिनीसाठी ते एक दार होतं.

पुढचे अडीच महिने भाऊ रोज साडेनऊला पोराला शाळेत सोडत होता. गॅरेज उशिरा उघडू लागलं. रात्री पोरगा माझ्याकडे येऊन बसायचा. मराठीचे उतारे मी घ्यायचो. गणित माझी लेक शिकवायची. अडखळायचा, हे खरं होतं. 'अनुक्रमे' या शब्दाशी त्याची जी लढाई झाली ती मी विसरणार नाही. प्रश्न समजला की उत्तर यायचं, पण प्रश्न समजेपर्यंत घड्याळ पुढे गेलेलं असायचं. दखनीतून मराठीत यायला प्रत्येक वेळी एक जिना चढावा लागायचा. उत्तरपत्रिकेतल्या गोलांना हे जिने कळत नाहीत. शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका उर्दूतही असते, पण त्यासाठी उर्दू शाळेत असायला हवं. आमची बोली ना त्या पेपरात, ना या.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. शब-ए-बरात चार-पाच दिवसांवर आली होती. परीक्षेचं केंद्र गंगापूर रोडकडच्या एका हायस्कूलमध्ये होतं. अकराला पहिला पेपर. आवारात गाड्यांची गर्दी होती. क्लासच्या नावाचे टी-शर्ट घातलेली मुलं, त्यांचे सर शेवटच्या सूचना देतायत, आयांच्या हातात सराव प्रश्नपत्रिकांचे जाडजूड संच. आमचा पोरगा काळा बॉलपेन आणि प्रवेशपत्र घेऊन माझ्या भावाच्या मागे उभा होता. मला वाटलं, बाई म्हणत होत्या ते खरं आहे. आपण याला कशाला आणलं इथे?

साडेबाराला पहिला पेपर सुटला. दुसरा दोनला. मधल्या वेळात आम्ही झाडाखाली चादर टाकली. वहिनीनं अंडा-रोटी दिली होती. पोरगा भुकेला होता, खात सुटला. "कसा गेला?" विचारलं तर म्हणाला, "मराठी का लंबा था." शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्याला चिक्की दिली. त्यांची मुलगी जेवत नव्हती. तिचे दोन प्रश्न चुकले होते आणि ती रडत होती. दोन प्रश्न. आई समजूत घालत होती आणि तिच्याच डोळ्यांत पाणी होतं. परीक्षांविरुद्ध मी जे जे बोललो होतो ते सगळं त्या चादरीवर बसलेलं होतं. त्या मुलीच्या आईनं ठरवलं असतं की पुढच्या वर्षी नको ही परीक्षा, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण 'नको' म्हणण्यासाठी आधी तुम्हाला कुणी बोलावलेलं असावं लागतं. न्यूयॉर्कच्या त्या पालकांतले बरेच जण सुखवस्तू उपनगरांतले होते, हे मी वाचलं होतं. तेव्हा त्या वाक्यावर मी थांबलो नव्हतो.

दोन वाजता पोरगा आत गेला. आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. चौथीत असताना तुझा फॉर्म का भरला नाही, माहितीये?"

भावानं डब्याचं झाकण लावलं. "मालूम है. गुरुजी ने बोला था."

"काय बोलले?"

"मैं पूछा उनको, मेरा नाम क्यों नहीं. वो बोले, तेरा भाई ही बोला, तू उसके जैसा नहीं." तो हसला. "सच ही बोले थे तुम. मैं नहीं था तुम्हारे जैसा."

बत्तीस वर्षं. त्यानं माझ्या लग्नात हातानं मंडप बांधला, अब्बांच्या आजारपणात सगळा खर्च उचलला, माझ्या स्कूटरचं एकदाही बिल केलं नाही. आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग शाळेत मलाच का बोलावलंस? त्याला मराठी येत होतं, बोललाही तोच.

तो म्हणाला, "तुम पास थे ना, इसलिए." थोड्या वेळानं पुढे म्हणाला, "इस बार तुम हाँ बोलते, ये देखना था मेरेको."

मला माझं ते "बरोबर आहे मॅडम" आठवलं. मी काही बोललो नाही. त्यालाही ते आठवत असणार.

साडेतीनला पोरगा पळत बाहेर आला. "बडे अब्बा, आईने के सवाल सब के सब आए!" बुद्धिमत्ता चाचणीत आरशातली प्रतिमा ओळखायचे प्रश्न असतात, अक्षरं आणि आकडे उलटे दिसतात ते. गॅरेजवर तो गाड्यांच्या साइड मिररमधून मागच्या नंबरप्लेटी वाचत बसतो, लहानपणापासूनचा खेळ. आम्ही त्याला कितीदा तरी त्यावरून रागावलो होतो, की जा, अभ्यास कर.

उन्हाळ्यात निकाल लागला. दुसऱ्या पेपरात १५० पैकी ७८. पहिल्यात ५४. पहिल्या पेपरात ४० टक्क्यांना सहा गुण कमी. म्हणजे अपात्र. मुख्याध्यापिका बाईंचा अंदाज बरोबर निघाला आणि त्यांच्या यादीत एक अपात्र माझ्या भावामुळे वाढला. त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. मी भेटून तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "बुद्धिमत्तेत इतके पडतील असं मला वाटलं नव्हतं हो." मग म्हणाल्या, "आठवीला पुन्हा आहेच."

त्याच एप्रिलात दुसरी गंमत झाली. राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकानं ८ ते २५ एप्रिलमध्ये घ्यायचं ठरलं. उन्हाचा कडाका, लोकांची गावाला जायची तिकिटं काढलेली. पालक आणि शिक्षक दोघांनी आरडाओरडा केला. ईद नुकतीच झाली होती आणि वहिनीला माहेरच्या एका लग्नाला जायचं होतं. तिनं मला विचारलं, पोरगा नाही बसला तर चालेल का? मी म्हणालो, नाही. पाचवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात. डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे. ती म्हणाली, "मतलब जिसको बैठना है उसको बैठने नहीं देते, और जिसको नहीं बैठना उसको उठने नहीं देते." सगळ्या धोरणाबद्दल याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

परीक्षांबद्दलचं माझं मत फारसं बदललेलं नाही. दहा वर्षांच्या मुलाची यादी लागू नये असंच मला वाटतं. शाळेचा निकाल टक्क्यांत मोजला की कच्ची मुलं हजेरीपटावर राहतात आणि फॉर्मवरून गळतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. बदललं ते एवढंच, की तुमच्या ओळखीत कुणाचं मूल सरकारी शाळेत पाचवीत असेल तर मी आधी विचारतो, फॉर्म भरला का? बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नको वाटत असेल तर अजिबात बसवू नका. पण ठरवा तुम्ही. आणि एकट्या आईबापांना शाळेत जायचा संकोच वाटत असेल तर सोबत जा. जाऊन मान डोलावू नका, हे मी स्वतःलाही सांगतोय.

आता ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला न्यायचं ठरलं आहे. भावाची धाकटी तिसरीत आहे. परवा रात्री शटर ओढल्यावर त्याचा फोन आला. फॉर्म कधी सुटतात, एवढंच त्यानं विचारलं.

मी म्हणालो, बघून सांगतो. आणि शाळेत जायचं असेल तर मी येतो.

"नहीं भाई," तो म्हणाला, "अब मेरेको बोलने को आता."